मिरचीची पानं चुरडलीत, फुलं गळतायत: फवारणीआधी पान उलटून बघा

तुम्ही लिहिलंय त्याचा सारांश असा: सुक्या मिरचीतल्या बिया पेरल्या, तीन रोपं जगली, ती आता लहान कुंड्यांत गुडघ्याएवढी झालीत. पहिले काही महिने हिरवीगार होती. मग शेंड्याकडची पानं आकसायला लागली, फुलं येतात आणि गळतात, एकच मिरची लागली आणि तीही फिकी निघाली. दोनदा फवारणी करून फरक पडला नाही. बियांतच खोट होती का, अशीही शंका आहे. आता रोपं उपटू की आणखी कडक औषध मारू?

दोन्ही नको. निदान आज तरी नको. मी बावीस वर्षं मिरचीची रोपं तयार करते. घरच्या कुंडीतली जी मिरची हातची जाते, ती किडीने जाते त्यापेक्षा जास्त वेळा चुकीच्या औषधाने, पाण्याने आणि खताने जाते, असं माझं ठाम मत झालंय. तुमचं रोप फुलं धरतंय, म्हणजे त्याच्यात अजून जीव आहे.

आधी चुरड्याबद्दल, कारण खरी मेख तिथे आहे. ‘चुरडामुरडा’ किंवा ‘बोकड्या’ म्हणतात ते पान कसं दिसतंय याचं वर्णन झालं. ते दिसणं निदान चार वेगवेगळ्या कारणांनी येतं आणि चारींचा इलाज वेगळा आहे. फुलकिड्यांवरचं (थ्रिप्सवरचं) औषध कोळ्यांवर, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक माइट्सवर, चालेलच असं नाही. विषाणूवर तर औषधच नाही. त्यामुळे ‘पानं चुरडलीत, काय फवारू’ याला पान न बघता कुणी उत्तर दिलं तर ते घेऊ नका.

सकाळी उजेडात एक पांढरा कागद आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन बसा. शेंड्याजवळची दोन-तीन चुरडलेली पानं निवडा. तोडू नका, झाडावरच असताना बघा. पान कुठल्या बाजूला वळलंय ते आधी पाहायचं, मग उलटून मधली शीर आणि तिच्या फांद्या जिथे फुटतात ते कोपरे भिंगाखाली आणायचे. त्यानंतर शेंडा कागदावर धरून बोटाने चार-पाचदा टिचकी मारायची.

पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखं झालं असेल तर पहिला संशय फुलकिड्यांवर. कागदावर पिवळसर किंवा तपकिरी, जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या काड्या पडतील आणि क्षणभराने त्या चालायला लागतील. पानाच्या पाठीवर शिरेलगत रुपेरी खरचटल्यासारखे डाग आणि काळे ठिपके दिसतील. ते ठिपके म्हणजे त्यांची विष्ठा. फुलाच्या आत फुंकर घातली तर तिथूनही ते बाहेर पळतात. फूलगळीला हातभार लावणारे हेच.

पान उलट्या वाटीसारखं खाली वळलंय, अरुंद झालंय, देठ मात्र नेहमीपेक्षा लांब वाटतोय, असं असेल तर कोळी. हा लाल कोळी नाही, त्याहून बारीक, पांढरट पिवळा कोळी. साधारण ०.२ मिलिमीटरचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. भिंगातून शिरेच्या कोपऱ्यात हलणारे चकचकीत, जवळजवळ पारदर्शक थेंब दिसतात. ते दिसले नाहीत तरी पानाची पाठ बोटाने चाचपा. कोळ्याने शोषलेलं पान जाडसर, कडक, तांबूस झाक आलेलं लागतं आणि दुमडलं तर कुडकन मोडतं. निरोगी पान असं मोडत नाही. तुमच्या वर्णनात शेंडा आधी आकसलाय आणि फवारणीने फरक पडलेला नाही, म्हणून मला कोळ्याचा संशय जास्त आहे. तरी भिंगाने बघून खात्री करा, माझ्या अंदाजावर थांबू नका.

तिसरी पांढरी माशी. झाड हलवलं की पांढरी भुकटी उडाल्यासारखी होते आणि पुन्हा पानाखाली बसते. ती रस शोषते तेवढं झाड सोसतं, पण ती चुरड्याचा विषाणू घेऊन येते, तो सोसत नाही. विषाणू लागलेलं झाड ओळखायची खूण म्हणजे पेरं आखूड होतात, पानं बारीक आणि गुच्छात येतात, शिरांमधला भाग पिवळट दिसतो आणि झाडाची उंची थांबते. ते झुडपी आणि खुरटं होतं. तुमची रोपं गुडघ्याएवढी वाढलीत आणि फुलतायत, त्यावरून तिन्हींना विषाणू लागलाय असं मला वाटत नाही. पण तिघांपैकी एखादं अगदी असंच दिसत असेल तर तेवढं एक मात्र उपटा. पिशवीत बांधून बाहेर काढा, म्हणजे माश्या त्याच्यावरून दुसऱ्यांवर जाणार नाहीत. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. हा बारीक कोळी पांढऱ्या माशीच्या पायाला चिकटून एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. म्हणून माश्या दिसल्या की पिवळे चिकट सापळे लगेच लावायचे. एका कुंडीजवळ एक पुरतो. फुलकिड्यांना निळा सापळा जास्त ओढतो.

मावा ओळखणं सोपं. शेंड्यावर हिरवट किंवा काळपट दाटी, पानांवर चिकटा आणि त्या चिकट्यासाठी मुंग्यांची रांग. माव्याने टाकलेली पांढरी कात पानांवर पडून राहते. तिलाच पांढरी माशी समजून लोक औषध मारतात. हलवलं तर कात उडत नाही, एवढा फरक लक्षात ठेवा.

दोन गोष्टींना मात्र घाबरू नका. भर दुपारी पानं लांबीत मुडपतात आणि संध्याकाळी उलगडतात, तो उन्हापासून स्वतःला सांभाळण्याचा झाडाचा मार्ग आहे. आणि कोवळ्या पानाच्या पाठीवर साखरेच्या कणांसारखे पारदर्शक दाणे दिसले तर ती अंडी नाहीत. मुळं पाणी ओढतात आणि पानांतून ते तेवढ्या वेगाने बाहेर पडत नाही, तेव्हा असे दाणे येतात. पाणी थोडं कमी केलं की थांबतात.

आता इलाज. सगळ्यात आधी कात्री. जास्त चुरडलेले शेंडे दोन-तीन पेरं खाली, निरोगी पानाच्या वर कापून टाका. कोळी आणि फुलकिडे कोवळ्या शेंड्यातच एकवटलेले असतात, त्यामुळे एका कापात बरीच वस्ती जाते. खालून नवे फुटवे येतात, झाड दाट होतं, म्हणजे कापलेलं वाया जात नाही. कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसा. मग पानांच्या पाठीवर पाण्याचा जोरदार फवारा मारून झाड धुऊन काढा. मावा आणि बरीच पांढरी माशी एवढ्यानेच आटोक्यात येते.

फुलकिडे निघाले तर कडुनिंबाचं तेल. एक लिटर कोमट पाण्यात आधी सौम्य द्रवरूप साबणाचे काही थेंब मिसळा, मग ५ मिलिलिटर तेल घाला आणि पांढरं दुधासारखं होईपर्यंत हलवा. साबण आधी घातला नाही तर तेल वर तरंगतं. मग शेवटच्या झाडाला नुसतं तेल मिळतं आणि पानं करपतात. द्रावण त्याच दिवशी संपवा. फवारा संध्याकाळी आणि पानाच्या पाठीवर, खालून वर मारायचा. वरून मारलेलं औषध किडीपर्यंत पोचतच नाही, तुमच्या दोन फवारण्या वाया जाण्याचं हेही कारण असू शकतं. दुसरं कारण म्हणजे मधलं अंतर. फुलकिडे अंडी पानाच्या आत घालतात आणि त्यांची कोषावस्था मातीत जाते. एका फवारणीत या दोन्हींना काहीच होत नाही. म्हणून सहा-सात दिवसांच्या अंतराने सलग तीन फवारण्या हव्यात, आणि मातीचा वरचा थर हलकासा उकरून मोकळा ठेवायला हवा. कडुनिंब कीड तिथल्या तिथे मारत नाही, तिचं खाणं आणि कात टाकणं बिघडवतो. दुसऱ्या दिवशी मेलेले किडे शोधू नका.

कोळी निघाले तर पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, एका लिटरला २ ग्रॅम, आठवड्याच्या अंतराने दोनदा. उष्ण हवेत या कोळ्याची नवी पिढी आठवड्याच्या आत तयार होते, म्हणून दुसरी फवारणी पुढे ढकलू नका. तापमान ३२ अंशांच्या वर असेल तेव्हा गंधक मारायचं नाही. कडुनिंबाचं किंवा कुठलंही तेल मारलेलं असेल तर मध्ये दोन आठवडे जाऊ द्यायचे, नाहीतर पानं भाजतात. तुम्ही आधीच्या दोन वेळा काय मारलं ते लिहिलेलं नाही. तेल असेल तर आधी दिवस मोजा आणि तोवर छाटणी आणि पाण्याच्या फवाऱ्यावर भागवा. फवारताना नाकातोंडावर रुमाल, डोळ्यांना चष्मा. पाकिटावर तोडणीआधी थांबायचे दिवस लिहिलेले असतात, ते पाळा आणि मिरची धुऊनच वापरा.

‘आणखी कडक औषध’ या विचाराची मला भीती वाटते, त्याचं कारण सांगते. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याही चाळीस रोपांना फुलकिडे लागले होते. एकदा मारून फरक दिसला नाही म्हणून मी कडुनिंबाचं तेल दुप्पट घेतलं आणि वेळ मिळाला तेव्हा, म्हणजे भर दुपारी, फवारलं. तिसऱ्या दिवशी सगळ्या पानांच्या कडा कागद जळावा तशा तपकिरी झाल्या. एकतीस रोपं गेली. नंतर उरलेल्यांकडे नीट बघितलं तेव्हा कळलं की पहिल्या फवारणीने फुलकिडे कमी झालेच होते. मी जुन्या पानांकडे बघत बसले होते.

हे मला तुमच्या मनावर ठसवायचंय. चुरडलेलं पान पुन्हा सरळ होत नाही. कीड संपली तरी ते तसंच राहतं, कोळ्याच्या बाबतीत तर कीड मेल्यावरही काही दिवस शेंडा वाकडाच येत राहतो. इलाज लागू पडला की नाही ते फक्त नव्या पानांवर कळतं. फवारणीच्या दिवशी सगळ्यात वरच्या नीट दिसणाऱ्या पानाच्या देठाला दोरा बांधा आणि दोन-तीन आठवड्यांनी दोऱ्याच्या वरची पानं बघा. ती सपाट असतील तर झाड सावरलं, मग खालच्या वाकड्या पानांसाठी पुन्हा औषध मारू नका. वाकडी असली तरी ती झाडासाठी अन्न करतायत.

आता फुलांबद्दल. खरंच फूल गळतंय का, हे आधी बघा. मिरचीचं फूल दोन-तीन दिवस टिकतं. नंतर पाकळ्या वाळून तपकिरी होतात आणि सुटतात. त्या मातीवर पडलेल्या पाहून लोक हळहळतात, पण झाडावर देठ शाबूत असतो आणि त्याच्या टोकाशी मोहरीएवढा हिरवा ठिपका असतो. ती मिरची आहे! खरी फूलगळ वेगळी दिसते. आधी फुलाचा देठ फांदीला चिकटतो तिथे पिवळा पडतो आणि मग फूल देठासकट सुटतं. हात लावला तरी सुटतं. पडलेली फुलं उचलून देठ आहे का बघा, अर्धं उत्तर तिथेच मिळेल.

देठासकट गळत असतील तर मी आधी हवामान विचारते. मिरची उबेतलं झाड असलं तरी फळ धरायला तिला मधली हवा लागते. दिवसाचं तापमान ३२-३५ अंशांच्या वर किंवा रात्रीचं २४ च्या वर राहिलं की परागकण निकामी होतात. रात्री १५ च्या खाली गेलं तरी तेच. अशा दिवसांत झाड फुलं टाकतं आणि हवा बदलली की आपोआप धरतं, त्यासाठी टॉनिक लागत नाही. दुपारच्या तीन-चार तासांत कुंडी जाळीच्या सावलीत सरकवता आली तर उत्तम. सकाळचं ऊन मात्र द्या, दिवसाला सहा तास तरी हवंच. भिंतीला टेकलेली कुंडी रात्रीसुद्धा गरम राहते, ती फूटभर पुढे ओढली तरी फरक पडतो.

दुसरं कारण खत. तुम्ही लिहिलेलं ‘हिरवीगार’ वाचून मी थबकले. पानं मोठी, मऊ, गडद हिरवी आणि फळ नाही, हे नत्र (नायट्रोजन) जास्त झाल्याचं चिन्ह आहे. मऊ पान मावा आणि कोळी दोघांना आवडतं. पेंडीचं पाणी, युरिया, ताजं शेणखत असं काही देत असाल तर महिनाभर पूर्ण बंद. नंतर पहिल्या मिरच्या धरल्या की पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत आणि पालाश (पोटॅश) जास्त असलेलं एखादं खत थोडंसं, इतकंच.

तिसरं, परागीभवन. मिरचीच्या फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात, दुसऱ्या झाडाची गरज नसते, पण पराग हलायला वारा किंवा माशी लागते. बंद जागेत ठेवलेल्या झाडाला सकाळी दहाच्या सुमाराला बेचक्याखाली धरून हलकेच झटका द्या. मी फुलामागे टिचकी मारते. पिवळी भुकटी बोटावर दिसली की काम झालं.

आणि पाणी. लहान कुंडीत गुडघ्याएवढं झाड म्हणजे मुळांची गच्च गुंडाळी झालेली असणार. पाणी घातलं की बाजूने निघून जातं, दुपारपर्यंत कोरडं, संध्याकाळी पुन्हा भर. अशा ओल्या-कोरड्या झोक्यांत फुलं गळतात आणि मिरचीच्या टोकाशी तपकिरी, चपटा, वाळका डाग येतो. त्याला कॅल्शियमची कमतरता म्हणतात. ते बरोबर आहे, पण कॅल्शियम फळापर्यंत पाण्याबरोबर जातं, म्हणून मातीत ते असूनही अनियमित पाण्यामुळे पोचत नाही. अंड्याच्या टरफलांचा चुरा टाकून हा डाग थांबत नाही, तो चुरा विरघळायलाच फार काळ लागतो.

कुंडी निदान बारा इंच रुंद आणि तेवढीच खोल हवी, तळाला भोकं मोकळी. दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेलं खत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा जाडी रेती. मूठभर ओली माती दाबून सोडली तर गोळा बनावा पण बोट लावताच फुटावा, असं मिश्रण जमलं की समजा झालं. छाटणी आणि फवारणी झाल्यावर आठवडाभर थांबून संध्याकाळी कुंडी बदला. मुळांची गुंडाळी खालून बोटांनी किंचित सैल करा आणि चार दिवस सावलीत ठेवा. यानंतर पाणी वेळापत्रकाने घालू नका. बोट दोन इंच आत घाला, कोरडं लागलं तर तळातून निघेपर्यंत घाला, ओलं लागलं तर नको. मी कुंडी एका बाजूने उचलून वजनावरून ओळखते, आठवडाभरात तुम्हालाही जमेल. माती ओली असूनही झाड मान टाकत असेल तर मुळं कुजतायत, तेव्हा आणखी पाणी घातलं तर झाड हमखास जातं.

बियांवरही तुम्हाला शंका होती. सुक्या मिरचीतल्या बिया उगवतात, पण ती मिरची कुठल्या झाडाची होती हे कळत नाही. संकरित वाणाची असेल तर रोपं आईसारखी निघत नाहीत, आणि शेजारी दुसरा वाण फुललेला असेल तर बी मिश्र झालेलं असतं. तुमच्या तीन झाडांना तीन तऱ्हेच्या मिरच्या लागल्या तर नवल नाही. पुढच्या वेळी वाण माहीत असलेलं बी घ्या, अर्धा ते एक सेंटिमीटर खोल पेरा, माती २५ ते ३० अंशांच्या उबेत ठेवा. साधारण आठ ते पंधरा दिवसांत उगवतं, फार तिखट वाणांना महिनाही लागतो. उगवल्यावर माती चिंब ठेवू नका, नाहीतर रोपं बुडाशी बारीक होऊन कोलमडतात. ती पुन्हा उभी राहत नाहीत.

फिक्या मिरचीचं उत्तरही बरंचसं वाणातच आहे. तिखटपणा देणारं कॅप्सेसिन बियांत तयार होत नाही, बिया जिला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या आतल्या शिरेत तयार होतं. ते किती बनायचं हे मुख्यतः वाण ठरवतो. त्यातही कोवळी तोडलेली आणि भरपूर पाण्यावर वाढलेली मिरची सौम्य लागते. एका मिरचीवरून झाडाला नाव ठेवू नका. पुढच्या दोन-तीन पूर्ण भरू द्या, मग चाखा.

हे सगळं केल्यावर पंधरा-वीस दिवसांत नवे फुटवे दिसतील, आणि हवा साथ देत असेल तर साधारण दीड महिन्यात त्यांच्यावर फुलं. फूल धरल्यापासून हिरवी मिरची तोडायला पाच-सहा आठवडे लागतात, लाल व्हायला आणखी काही. पहिल्या काही हिरव्याच तोडा, म्हणजे झाड पुढची फुलं धरत राहील. तोडताना ओढू नका, बेचकं ठिसूळ असतं आणि फांदीच हातात येते. देठ कात्रीने कापा. दोऱ्याच्या वरची पानं तीन आठवड्यांनीही वाकडी येत असतील तर पानाच्या पाठीचा जवळून काढलेला फोटो आणि तोवर काय काय फवारलं ते तारखांसह पाठवा, मग पुढचं बघू.